जिनिव्हाचे पान

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. दूधवाला आला की मी त्याच्या चरवीत आधी बोट बुडवून पाहतो. दांडिया बाजारातल्या वाण्याने तराजू उचलला की माझी नजर तराजूवर नसते, त्याच्या अंगठ्यावर असते. माझी पत्नी आनंदी म्हणते की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी तिच्याकडे 'दाखवली ती हीच का' अशा नजरेने पाहिले होते. पाहिले होते. खोटे कशाला बोलू?

या खोडीवरच माझी नोकरी उभी होती. बडोदे सरकार त्या दिवसांत हुशार माणसे निवडून परदेशी पाठवत असे. कुणी शेती बघायला जाई, कुणी शाळा, कुणी रंगाचे कारखाने. परत आल्यावर त्यांनी अहवाल लिहायचा आणि तो छापायला जाण्याआधी आमच्या खात्यात तपासला जायचा. तपासणारा मी. मी स्वतः बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या पलीकडे फारसा गेलेलो नव्हतो. पादऱ्याला माझी बहीण दिली होती, म्हणून छोट्या गाडीने वर्षातून दोनदा तिकडे जाणे व्हायचे, तेवढाच माझा देशाटनाचा हिशेब. पण ग्रंथालयात लाल पुठ्ठ्यांची इंग्रजी प्रवासपुस्तके होती, आणि ती मी इतकी वाचली होती की लंडनच्या कोणत्या हॉटेलात माणसांना वरच्या मजल्यावर नेणारा पाळणा आहे, व्हिएन्नाला स्टेशनावर उतरल्यावर उजवीकडे वळायचे की डावीकडे, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. ग्रंथालयातला मगन शिपाई पुस्तक काढून देताना म्हणायचा, "फरी आ ज चोपडी? साहेब, हवे तो तमे विलायत जई आव्या गणाय." पुन्हा हेच पुस्तक, आता तुम्ही विलायतेला जाऊन आल्यासारखेच. मी हसत नसे.

कारण मला जायचे होते. दोनदा माझे नाव पुढे गेले होते आणि दोन्ही वेळा माझ्या आईने अन्न सोडले होते. समुद्र ओलांडलेला मुलगा तिला चालणार नव्हता. आई गेली तोपर्यंत माझे वय निघून गेले. हे मी कुणाला सांगत नसे, पण दुसऱ्याचा अहवाल हातात घेताना माझी लेखणी जरा जास्तच टोकदार व्हायची, हे मला ठाऊक होते.

१९१२ सालच्या थंडीत लक्ष्मीकांतचा अहवाल माझ्याकडे आला.

लक्ष्मीकांत हा माझा मित्र गोविंद याचा मुलगा. गोविंद तरणाताठा गेला, तेव्हापासून त्याची बायको वत्सलावहिनी आणि हा मुलगा, दोघेच. घर आमच्या घरापासून पाच दारे सोडून. मुलगा हुशार, इंग्रजी चांगले, अक्षर घोटीव. दरबाराचे पाहुणे वाढले होते, नवे पाहुणेघर बांधायचे घाटत होते, आणि ते युरोपातल्या हॉटेलांसारखे चालावे अशी वरची इच्छा होती. म्हणून लक्ष्मीकांतला पाठवले. नऊ शहरे, आठ महिने. पाहुण्याला कसे उतरवतात, कसे जेवू घालतात, काय दाखवतात, ते सगळे बघून लिहायचे. अहवाल पसंत पडला तर पाहुणेघराचा कारभार त्याच्याकडे येणार होता. नाही पडला, खोटा ठरला, तर सरकारला फसवणारा म्हणून नाव लागणार होते, आणि बडोद्यात एकदा लागलेले नाव पुढच्या पिढीलाही पुसता येत नाही.

वहिनींनी त्याला सोडले, पण एका अटीवर. तो निघाला त्या सकाळी मी तिथे होतो. तुळशीवर हात ठेवायला लावून त्यांनी त्याच्याकडून शपथ घेतली, की दुसऱ्याच्या हातचे शिजलेले काहीही तो तोंडात घालणार नाही. स्पिरिटची शेगडी, दोन पातेली, तांदूळ, डाळ, मेतकूट, सगळे बांधून दिले. आणि वर म्हणाल्या, "मोडलीस तर तुझ्या हातचं पाणी मला नको." बाईंचा शब्द म्हणजे शब्द. पोरगा पांढराफटक पडला होता.

परत आल्यावर रावपुऱ्यातल्या शास्त्रीबुवांनी समुद्रगमनाचे प्रायश्चित्त दिले. चार लोकांदेखत विचारले, अन्न कुणाचे? लक्ष्मीकांत म्हणाला, स्वतः शिजवले. शास्त्रीबुवा मोकळे झाले. मी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. उत्तर देताना तो शास्त्रीबुवांकडे पाहत नव्हता आणि आईकडेही नाही. माझ्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली.

आता अहवाल. एकशे चाळीस पाने. पहिल्या वीस पानांतच मला कळले की कुठेतरी पाणी मुरते आहे. हॉटेलांच्या भोजनगृहांबद्दल तो लिहीत होता ते सगळे गुळगुळीत. 'व्हिएन्ना येथील भोजनगृह प्रशस्त असून त्याचे छत काचेचे आहे व तेथे एका वेळी तीनशे माणसे बसतात.' हे वाक्य मी आधी कुठे वाचले, ते आठवायला मला क्षणही लागला नाही. लाल पुस्तक, पान दोनशे चौदा. पॅरिसचे वाक्य पान अठ्ठ्याऐंशी. बर्लिनचे तर आकड्यासकट. इंग्रजीतून मराठीत आणताना त्याने एक उपवाक्यसुद्धा हलवले नव्हते.

मग ज्या गोष्टी पुस्तकात नव्हत्या त्या चमत्कारिक. लंडनच्या हॉटेलात म्हणे बावीस पायऱ्या उतरून जावे लागते. कुठे उतरून? पुस्तक सांगते की दाराशीच पाळणा आहे. पॅरिसच्या हॉटेलाचे दार मागच्या गल्लीत आणि इतके ठेंगणे की मान वाकवावी लागते. ज्या हॉटेलापुढे राजेरजवाडे गाडीतून उतरतात त्याचे दार ठेंगणे? हा माणूस मुंबईत कुठल्याशा खाणावळीत आठ महिने राहिला आणि पुस्तकातून उतरवून परत आला, अशी माझी खात्री होत चालली. आनंदीला सांगितले तर ती म्हणाली, अहो, प्रत्येक शहरातून त्याचे कार्ड येत होते की. मी म्हटले, कार्डे काय, तिकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती देता येतात टाकायला. ती पोळी लाटत राहिली. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच समजले होते.

आणि जिनिव्हा. बाकीच्या शहरांना दहा-बारा पाने, जिनिव्हाला चार ओळी. 'हे शहर तळ्याकाठी आहे. हॉटेलात एकशे वीस खोल्या आहेत. हवा थंड. व्यवस्था चांगली.' संपले. मी प्रवासाचा तक्ता काढून पाहिला. जिनिव्हात राहायचे होते पाच दिवस आणि तो राहिला होता एकोणीस. एकोणीस दिवसांत माणसाला चार ओळी सुचतात? एक तर तो तिथे गेलाच नव्हता, नाहीतर तिथे जे घडले ते लिहिण्याजोगे नव्हते. तरुण पोर, परका मुलूख. एखादी मडम असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. ठरवल्यावर मला बरे वाटले, हेही सांगतो.

त्याच आठवड्यात वत्सलावहिनींचा निरोप आला. मी गेलो तेव्हा त्या झोपाळ्यावर बसून गोधडी शिवत होत्या. जुन्या इरकली लुगड्यांचे थर, वरून बारीक धावदोरा. पोराच्या लग्नाची तयारी चालली असणार, असे मला वाटले. लक्ष्मीकांत घरातच होता. आईला ठसका लागला तसा तो तांब्या-भांडे घेऊन धावत आला. वहिनींनी हाताने नको म्हटले, गोधडी बाजूला ठेवून स्वतः उठल्या, आत जाऊन आपल्या हाताने पाणी घेऊन प्यायल्या. तो भांडे हातात धरून तसाच उभा राहिला आणि मग निमूट बाहेर निघून गेला. म्हणजे आईलाही संशय होता. मला एकदम सोबत मिळाल्यासारखे झाले.

वहिनी म्हणाल्या की अहवाल माझ्याकडे आहे हे त्यांना कळले आहे, तर त्यातले जिनिव्हाचे पान वाचून दाखवावे. मी चमकलो. नऊ शहरांतले नेमके तेच. मला पाठच होते, मी म्हणून दाखवले. त्या ऐकत राहिल्या. चार ओळी संपल्यावर विचारले, "एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. "श्रीपतभावजी, तुम्हाला शंका घ्यायची सवय आहे. लोक हसतात, मी हसत नाही. जिनिव्हात काय झालं ते तेवढं शोधून काढा. मला तो सांगत नाही."

मी शब्द दिला. आता मला दोन कामे झाली, एक खात्याचे आणि एक घरचे, आणि दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालणारी. ती गंमत मला घरी येताना वाटेत उमगली. लक्ष्मीकांत हॉटेलात पाहुण्यासारखा टेबलाशी बसून जेवला असेल तर खात्यापुढे सुटेल, पण आईपुढे मेला. शपथ पाळून कुठे कोपऱ्यात भात शिजवत राहिला असेल तर आईपुढे सुटेल, पण मग भोजनगृहे पाहिलीच नाहीत म्हणून खात्यापुढे मेला. आणि मुळात गेलाच नसेल, तर दोन्हीकडे. मी मनोमन हात चोळत होतो. वीस वर्षांत असे प्रकरण हाती लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला ग्रंथालयात बोलावले. कोपऱ्यातल्या टेबलावर लाल पुस्तक उघडून ठेवले, शेजारी त्याच्या अहवालाचे पान. काही न बोलता एक बोट इकडे ठेवले, एक तिकडे. त्याने दोन्ही ओळी वाचल्या.

"लक्ष्मीकांत, तू गेला होतास का?"

"काका, स्टेशनावर सोडायला तुम्हीच आला होतात."

"स्टेशनापर्यंतचा मी साक्षीदार आहे. पुढचं विचारतोय."

तो हसला, पण हसू टिकले नाही. मग म्हणाला, "भोजनगृहात बसलं की मागवावं लागतं. मागवलं की खावं लागतं. नुसतं बसू देत नाहीत. मी नऊ शहरांत नऊ दारांशी उभा राहिलो आणि परत फिरलो. वरचं काहीच पाहिलं नाही मी. ते पुस्तकातून घेतलं. मी हॉटेलं खालून पाहिली, काका."

खोलीत शेगडी पेटवायला मनाई, असे त्याला लंडनला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. रसोईघरात तर मांसमच्छी. शेवटी एका कारभाऱ्याला दया आली आणि त्याने तळघरात कपडे धुतात तिथला कोपरा दिला. बावीस पायऱ्या उतरून. तिथे सतत गरम पाणी, म्हणून आंघोळ करून सोवळ्यात भात टाकता यायचा. पुढे प्रत्येक गावी त्याने हेच केले. मागच्या गल्लीतले ठेंगणे दार, तळघर, धुणाऱ्या बायका, आणि त्यांच्यात पंचा नेसून बसलेला हा.

मी ऐकत गेलो आणि माझी लेखणी कधी खाली ठेवली ते मला कळले नाही. पॅरिसचा इस्त्रीवाला मेतकुटाच्या वासाने रोज यायचा आणि शेवटी त्याने वाटी पुढे केली. "त्याचं मी खाल्लं नाही, त्याने माझं खाल्लं," लक्ष्मीकांत म्हणाला. व्हिएन्नाला बाया चादरी पिळताना दोन बाजूंनी गाणे म्हणायच्या आणि गाण्याच्या ठेक्यावर पीळ पडायचा. बर्लिनला एक म्हातारी नुसत्या चादरीवरून सांगायची की या खोलीतला पाहुणा दुःखी आहे, हा रात्रभर झोपलेला नाही. मग ती चहाबरोबर त्या खोलीत वर काहीतरी जास्तीचे पाठवायला लावायची. पाहुणा मात्र समजायचा की वरच्या कारभाऱ्यालाच त्याचे मन कळले. "हॉटेल तिथून चालतं, काका. पण हे सरकारी अहवालात लिहायचं तर लोक म्हणणार, सरकारने याला तळघर बघायला पाठवलं होतं का?"

मला ती सगळी शहरे पाठ होती, आणि यातले एक अक्षर मला ठाऊक नव्हते. मत्सरच तो, दुसरे काय. पण खोड जात नाही. मी विचारले, "आणि जिनिव्हा?"

तो बराच वेळ पुस्तकाचा कोपरा दुमडत बसला. मगनने पाहिले असते तर ओरडला असता.

जिनिव्हाला पोहोचला त्याच रात्री त्याला ताप भरला. दोन दिवस कसाबसा तळघरात उतरला. तिसऱ्या दिवशी उठताच येईना. खोली चौथ्या मजल्यावर. दहाला तळघरात भात शिजवायला येणारा हा आला नाही, म्हणून कपडे धुणारी एक बाई चार जिने चढून वर आली. तिला वर येण्याची परवानगी नव्हती. लुईझ तिचे नाव, वय वहिनींएवढे असेल. तिने वाडग्यातून काहीतरी पातळ आणले आणि चमच्याने त्याला भरवले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, असे अकरा दिवस.

"काय होतं वाडग्यात?" मी विचारले.

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर गिळता आलं नसतं."

मग तो रडला. मोठा माणूस ग्रंथालयात रडतो तेव्हा शेजारच्याने काय करायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते. मी लाल पुस्तक मिटून ठेवले. तो म्हणाला, "आईला सांगू नका. अजून तिने माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. हे कळलं तर कधीच घेणार नाही."

वीस वर्षे मी माणसे पकडायला टपलो होतो. आता एक पुरता सापडला होता, कबुलीसह. आणि मला अजिबात आनंद झाला नाही. मला माझी आई आठवत होती, ताट पुढे ढकलून भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मी त्याला सांगितले की वरचे सगळे खोडून टाक आणि खालचे लिही. शपथेमुळे स्वतः शिजवत होतास, म्हणून तळघरात होतास, हे पहिल्याच पानावर सांगून टाक. लाजायचे कारण नाही. जिनिव्हाचे पान राहू दे चार ओळींचेच. त्याने बारा दिवसांत नवा अहवाल आणून दिला. आमचे वरिष्ठ उदयसिंहराव मोठे कडक. त्यांनी तो वाचून मला बोलावले आणि विचारले की हा माणूस खरंच जाऊन आला, याची तुमची खात्री आहे? मी म्हटले, पाहिल्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही असे यात पानोपानी आहे. माझ्या तोंडून 'खात्री' हा शब्द ऐकून ते खुर्चीत जरा मागे टेकले. मग सही केली. पाहुणेघरासाठी लक्ष्मीकांतचे नाव त्याच दिवशी वर गेले.

खात्याचे काम झाले. राहिले घरचे.

रविवारी सकाळी मी वहिनींकडे गेलो. वाटेत वाक्य घोटून ठेवले होते. आयुष्यात दुसऱ्याचे खोटे पकडण्यात पटाईत, पण स्वतः खोटे बोलायची सवय नव्हती. वहिनी झोपाळ्यावरच होत्या. गोधडी बहुतेक पुरी झाली होती, फक्त एक कड राहिली होती. मी टेकलो आणि म्हणालो, "वहिनी, मी सगळं तपासलं. जिनिव्हात काही झालं नाही. त्याने शपथ मोडलेली नाही."

त्यांनी वर पाहिले नाही. दोरा संपेपर्यंत टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग उठून देवाच्या फडताळातून नऊ कार्डे आणली आणि माझ्यापुढे ओळीने मांडली. रंगीत चित्रांची कार्डे, तळी, पूल, मोठमोठ्या इमारती. मग ती एकेक करून उलटी केली. प्रत्येकावर इंग्रजीत पत्ता, लक्ष्मीकांतच्या अक्षरात.

"मला इंग्रजी येत नाही. पण ही वळणं मी वर्षभर रोज पाहिलीत. आठांवर एकसारखी आहेत. आता ह्याच्यावर बघा."

ते जिनिव्हाचे कार्ड होते. मजकूर काही नाही, नुसता पत्ता, आणि त्यातले प्रत्येक अक्षर कलंडलेले. काही ठिकाणी टाक दोनदा टेकलेला. मी ती कार्डे टपालातून येताना स्वतः पाहिली होती. टाकणारा दुसरा असेल, शिक्का खोटा असेल, असले सगळे संशय घेतले होते. अक्षराकडे मी पाहिलेच नव्हते.

"त्याचा हात धरून कुणीतरी लिहवून घेतलंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे त्याला टाकही धरवत नव्हता. म्हणजे भातही टाकता येत नव्हता. आणि तुम्ही सांगता, शपथ मोडली नाही."

"मला त्याचं पाप नको होतं, भावजी. शपथ घातली तेव्हा मी मूर्ख होते. ताप येतो, माणूस आडवा पडतो, हे सुचलंच नाही मला. त्याने ती पाळली असती तर तिकडेच मेला असता. कुणीतरी त्याला भरवलं आणि माझ्याकडे परत पाठवलं. ते कोण, एवढंच मला हवं होतं. त्याला दहादा विचारलं. दहादा माझ्या तोंडावर खोटं बोलला. खाल्ल्याचं मला काही नाही. पण खोटं बोलून पुढे केलेलं पाणी घशाखाली उतरत नाही." मग गोधडी उचलून त्यांनी माझ्या गुडघ्यांवर ठेवली. "तुम्ही शोधून काढाल म्हणून तुम्हाला सांगितलं, तर तुम्हीही तेच. आता ही मी कुणाला पाठवू? थंडीचा मुलूख आहे तो."

ती गोधडी मी दोनदा पाहिली होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या मला ती कुणासाठी आहे हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मला इतकी शरम वाटली की डोळे वर उचलवेनात. बाई त्याला माफ करून बसल्या असतील, हीच एक शंका मला कधी आली नव्हती.

लक्ष्मीकांत दारात उभा होता. बाजारातून भाजी घेऊन आला होता, पिशवी हातातच. त्याने किती ऐकले ठाऊक नाही. मांडलेली कार्डे त्याने पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. त्याला वाटले असणार की मी दगा दिला.

"मी सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "तू सांग. तिचं नाव सांग."

तो आईपुढे जमिनीवर बसला. पिशवी कलंडून दोन वांगी झोपाळ्याखाली गेली.

"लुईझ," तो म्हणाला. "अकरा दिवस. कपडे धुते ती. तुझ्याएवढी आहे."

वहिनींनी ते नाव दोनतीनदा स्वतःशी म्हणून पाहिले. तिला मुलेबाळे आहेत का, ते विचारले. एक मुलगा होता, तो गेला, असे तो म्हणाला. वहिनींनी मान हलवली आणि गोधडीवरून हात फिरवला. मग मला कागद-दौत दाखवून पत्ता लिहायला सांगितला. हॉटेलाचे नाव, रस्ता, घरक्रमांक, मला सगळे पाठ होते. इतक्या वर्षांत त्या पाठांतराचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या दिवशी. वर फक्त 'लुईझ, तळघर' एवढे मी नवे लिहिले.

मी लिहीत असताना वहिनी म्हणाल्या, "लक्ष्मीकांत, मला पाणी दे."

तो उठला. आत भांड्यावर भांडे आपटल्याचा आवाज झाला, थोडे पाणी सांडलेही. बाहेर आला तेव्हा भांडे त्याने दोन्ही हातांनी धरले होते. वहिनींनी ते त्याच्याकडून घेतले आणि न थांबता सगळे प्यायल्या.